जेड कोरायचं, दागिने घडवायचे, आणि तेही मराठवाड्यात राहून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडून येणारे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. जिथं एक उत्तर दुसऱ्यात मिसळतं तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जेड म्हणजे नक्की काय? पाचूचाच प्रकार का?

नाही. पाचू हा बेरिल जातीचा स्फटिक. जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात: नेफ्राइट आणि जेडाइट. ही दोन वेगळी आहेत हे १८६३ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी दाखवलं. खनिजांच्या मोह्स मापावर नेफ्राइटची कठिणता ६ ते ६.५, जेडाइटची ६.५ ते ७. म्हणजे आपल्या गारगोटीपेक्षा जेड थोडं मऊच. पण ते सहजी फुटत नाही. नेफ्राइटच्या आत बारीक तंतू घोंगडीच्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळं दोन मिलिमीटर जाडीची पाकळीही टिकते. गारगोटीत तसली पाकळी कोरायला गेलात तर कपची उडते. उर्दू-फारसीत जेडला यशब म्हणतात, जुन्या सराफ्यात हा शब्द अजून कानावर येतो.

२. वेरूळच्या लेण्यांसारखं छिन्नी-हातोड्यानं कोरतात का?

कोरतात असं म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात घासतात. वेरूळच्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर, छिन्नी चालते कारण त्याचा टवका उडतो. जेडवर छिन्नी उसळते. हिऱ्याची पूड बसवलेल्या चकत्या आणि बर (मशीनला लावायची घासणारी लहान टोकं) फिरवून, पाणी सोडत, दगड कणाकणानं झिजवायचा. म्हणून पाथरवटाच्या मुलाला आकाराची समज आयती मिळते, हत्यार मात्र नव्यानं शिकावं लागतं.

३. मराठवाड्यात जेड सापडतं का? आमच्या शेतात हिरवा दगड निघालाय.

सापडत नाही. जेड तयार व्हायला खडकावर मोठा दाब यावा लागतो किंवा सर्पेंटाइनसारख्या खडकांची संगत लागते. आपल्याकडे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. शेतातला हिरवा दगड बहुतेक वेळा सेलाडोनाइट नावाच्या मातकट खनिजानं रंगलेली गार असते. कोरायला ती छान असते, फक्त जेड म्हणून विकू नका. कामाचं जेडाइट मुख्यतः म्यानमारच्या काचिन भागातून येतं. नेफ्राइट चीनचा खोतान, सायबेरिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमधून.

पण जेड नाही म्हणून हा मुलूख दगडाच्या धंद्यात नवखा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणहून भडोचच्या बंदराकडे ऑनिक्स नावाचा पट्टेदार दगड जात असल्याची नोंद आहे, आणि तेरहून कापड. दोन हजार वर्षांपूर्वी इथली गार विकली जायची, तर आज का नाही?

४. मग नदीतल्या, विहिरीच्या ढिगाऱ्यातल्या गारा गोळा करून सुरुवात करू का?

सरावासाठी जरूर करा. आमचं मत तर असं की पहिली दीड-दोन वर्षं जेड विकत घेऊच नये. अकीक (अगेट) आणि गारेवर हात बसला की जेडवर बसायला वेळ लागत नाही, आणि फुटलं तरी जीव हळहळत नाही. स्वतःच्या विहिरीच्या ढिगातले दोन-चार दगड वेगळे आणि धंद्यासाठी पोत्यानं काढणं वेगळं. फेब्रुवारी २०१५ पासून अगेट हे गौण खनिज आहे, तेव्हा व्यापारी उत्खननाला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज शाखेची परवानगी लागते. लेण्यांच्या आणि लोणारच्या संरक्षित परिसरातून खडाही उचलू नका.

गार निवडताना ती ओली करा आणि उन्हात धरा. भेग असेल तर पाणी वाळताना तेवढी रेघ शेवटपर्यंत ओली, काळपट दिसते. दोन दगड एकमेकांवर हलके वाजवा: टणक असेल तर खणखणीत, आतून तडकलेला असेल तर बोदा आवाज.

५. शिकायचं कुठं आणि किती दिवस?

कोर्स करायचा तर जयपूरची भारतीय रत्न व आभूषण संस्था, म्हणजे आयआयजीजे. मुंबईतही या नावाची संस्था आहे. कारागिराच्या हाताखाली शिकायचं तर जयपूर किंवा गुजरातमधलं खंबात. खंबातच्या अकीक कामाला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे संभाजीनगर-नांदेडच्या सराफ्यात चांदीकाम शिकता येतं, कोरीवकाम नाही.

दिवसांचा हिशोब असा धरा: मशीन न घाबरता हाताळायला तीन महिने, सरळ कडा आणि एकसारखा उंचवटा काढायला एक वर्ष, आणि पानाची शीर किंवा मोराचा डोळा न डगमगता काढायला तीन वर्षं. जाण्याआधी शाडूच्या मातीत रोज एक पान, एक मासा, एक शंख करत राहा. जो आकार मातीत बसत नाही, तो दगडात बसणार नाही.

६. कमीत कमी हत्यारं कोणती?

चार इंची किंवा सहा इंची डायमंड चकतीची छोटी करवत. फ्लेक्सिबल शाफ्टचं मशीन किंवा मायक्रोमोटर, पायानं वेग बदलणारं. डायमंड बर: गोल, लोलकाच्या आकाराचे, नळकांडी आणि चाकासारखे, एक ते आठ मिलिमीटर. लाख किंवा अराल्डाइट, दगड काडीला चिकटवायला. २२० ते ३००० नंबरचा सिलिकॉन कार्बाइड कागद, पाण्यात टिकणारा. तीन-चार दर्जांची डायमंड पेस्ट. दहापट भिंग. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा.

पैसे वाचवायचे असतील तर चकतीत आणि काट्यात वाचवू नका, बर मात्र आधी स्वस्तातले घ्या. मुलामा दिलेल्या बरवर हिऱ्याचा एकच थर असतो, तो गेला की बर संपला. सिंटर्ड बरमध्ये हिरा आतपर्यंत असतो, किंमत कितीतरी पट आणि आयुष्यही. नवशिक्या दाबून चालवतो, आणि दाबामुळं दोन्ही सारखेच मरतात.

७. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, बोअरचं पाणी क्षाराचं, आणि लाइट कधी जाईल नेम नाही. जमेल का?

जमेल. पाणी रोज नवं लागत नाही. वीस लिटरची बादली, त्यात कूलरचा छोटा पंप, वरून ठिबक आणि खाली पुन्हा बादली. दगडाचा गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी फिरत राहतं. क्षारी पाण्यानं मात्र ठिबकची सुई आठवड्यात बुजते आणि कोरलेल्या खाचांत पांढरी पुटं चढतात. ती पॉलिशचा दोष समजून लोक तासन्‌तास घासत बसतात. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. आरओचं बाजूला पडणारं पाणी घेऊ नका, त्यात क्षार जास्त असतात.

गाळ मोरीत ओतू नका, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. वाळवूही नका, ओलाच पिशवीत भरून टाका (कारण प्रश्न १२ मध्ये).

लाइटीचं म्हणाल तर मायक्रोमोटर घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. करवतीवर दगड अर्धा कापलेला असताना लाइट गेली तर आधी बटण बंद करा आणि दगड सरळ मागे ओढून घ्या. तसाच ठेवलात तर लाइट आल्या क्षणी चकती अडकून वाकते.

८. पहिला लोलक करायचाय. क्रमानं सांगा.

चाळीस मिलिमीटर लांबीचं पान धरू. सहा मिलिमीटर जाडीची पाटी कापा. ओल्या दगडावर पेन्सिल टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेनं रेघ मारा, ती पाण्यानं जात नाही. रेघेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर ठेवून करवतीनं कोपरे उडवा. भोक आत्ताच पाडा (प्रश्न १०), शेवटी नाही. शेवटी भोक पाडताना फुटलं तर आठवड्याचं काम जातं, आत्ता फुटलं तर तासाचं.

मग मोठ्या बरनं उंच-सखल भाग काढा: मधली शीर उंच, दोन्ही अंगं उतरती. मोठा बर सावकाश, छोटा जोरात. बर सतत हलता ठेवा, एका जागी थांबला की खड्डा पडतो आणि तो भरून काढता येत नाही. जाड बर वापरताना शेवटच्या मापाच्या ०.३ मिलिमीटर आधी थांबा. जाड हिऱ्याचा मार आत जातो. तेव्हा दिसत नाही, पॉलिशच्या वेळी पांढरे ठिपके होऊन वर येतो. उरलेलं बारीक बरनं, मग कागद: २२०, ४००, ६००, ८००, १२००, ३०००. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीची रेघ उरली का ते दिसतं. नंबर बदलण्याआधी दगड आणि हात दोन्ही धुवा. जाड कागदाचा एक कण नखाखाली राहिला तरी शेवटच्या टप्प्यावर ओरखडा उमटतो.

९. गार आरशासारखी चमकते, पण जेडवर संत्र्याच्या सालीसारखं खडबड दिसतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई. जेडमधले तंतू वेगवेगळ्या दिशांना असतात. काही मऊ बाजूनं वर आलेले, काही कठीण. मऊ फेल्ट (नमद्याची गादी) आणि जास्त वेग वापरला की मऊ जागा आधी खणली जाते आणि साल उठते. मागे जा, ६०० पासून पुन्हा सुरू करा. पॉलिशला मऊ फेल्टऐवजी बाभळीसारखं टणक लाकूड किंवा कडक चामडं घ्या, त्यावर १४ मायक्रॉन, मग ३, मग १ मायक्रॉन डायमंड पेस्ट, प्रत्येकीला वेगळं लाकूड. वेग कमी. दगड बोटाला गरम लागला तर थांबा. एवढं करूनही काही नेफ्राइट काचेसारखं चमकत नाही, तुपकट झळाळी देतं. तो दोष नाही, त्याचा स्वभाव आहे.

१०. भोक पाडताना पलीकडची बाजू फुटते.

दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा. दगडाभोवती शाडूचं आळं करून त्यात पाणी भरा. एक मिलिमीटरची पोकळ डायमंड नळी घ्या आणि दर दोन-तीन सेकंदांनी वर उचला, म्हणजे गाळ बाहेर येतो आणि पाणी आत जातं. न उचलता दाबलं तर नळी आतच तुटते, आणि ती काढण्यापेक्षा नवा दगड घेणं सोपं.

११. बाजारात ‘इंडियन जेड’ म्हणून देतात ते खरं का? घरी कसं ओळखायचं?

‘इंडियन जेड’ म्हणजे हिरवं ॲव्हेंचुरिन, गारेचाच भाऊ. ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन. ‘मलेशियन जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्टझाइट. भिंगातून ॲव्हेंचुरिनमध्ये अभ्रकाच्या चमकत्या टिकल्या दिसतात, रंगवलेल्या दगडात रंग भेगांत साचलेला दिसतो. चाकूनं खालच्या बाजूला ओरखडा उठला तर सर्पेंटाइन; न उठला तरी ते जेडच असं नाही, कारण सर्पेंटाइनचा बोवेनाइट नावाचा कठीण प्रकारही आहे.

खात्रीचा घरगुती मार्ग म्हणजे घनता. दगड वजन करा. समजा २३.६० ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्य करा. दगड दोऱ्यानं पाण्यात लोंबता सोडा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा ८.०० दाखवेल, ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. २३.६० भागिले ८.०० म्हणजे २.९५: नेफ्राइट. जेडाइट ३.३४ च्या आसपास येतं, ॲव्हेंचुरिन २.६५ च्या, सर्पेंटाइन साधारण २.६. दगडाला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून तो आधी साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रश फिरवा. एक ग्रॅमच्या खड्याला ही युक्ती चालत नाही, काट्याच्या शेवटच्या आकड्याची चूकच फार मोठी होते. तसा खडा महाग असेल तर लॅबला पाठवा.

१२. धुळीनं फुप्फुसं जातात म्हणतात. खरं का?

खरं, आणि यात सूट नाही. गार-अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची कोरडी धूळ फुप्फुसात बसते, त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. खंबातच्या अकीक कामगारांमध्ये हा आजार वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. सिलिकोसिस असलेल्याला क्षयही लवकर धरतो आणि पुष्कळदा सिलिकोसिसलाच क्षय समजून उपचार होतात, तेव्हा डॉक्टरांना दगडाचं काम सांगा. जेडमध्ये मोकळी सिलिका नसते, पण नेफ्राइटचे बारीक तंतूही श्वासात जाता कामा नयेत.

कोरडं कधीच घासायचं नाही, ‘एवढा एकच कोपरा’ असलं तरी नाही. पाणी उडतं त्या थेंबातही धूळ असते, म्हणून एन-९५ मास्क लागतोच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. आणि जिथं लेकरं झोपतात त्या खोलीत हे काम करायचं नाही.

१३. मी सोनाराच्या घरचा नाही. चांदीकामही शिकावंच लागेल का?

नुसता कोरलेला दगड विकला तर मजुरी मिळते, दागिना विकला तर नफा. निदान बेझल, म्हणजे दगडाभोवती वळवायची चांदीची पट्टी, स्वतःला यावी. ०.३ मिलिमीटरची शुद्ध चांदीची पट्टी घ्या. ९२५ ची, म्हणजे मिश्र चांदीची, कडक असते, वळवताना दगडावर जोर येतो.

क्रम चुकवू नका. आधी पट्टी दगडावर मापून घ्या, दगड बाजूला ठेवा. टाकणखार लावून ज्योतीवर डाग द्या, म्हणजे सांधा जोडा, मग कडी जोडा, तुरटीच्या पाण्यात उकळून साफ करा, घासा, उजळा. दगड अगदी शेवटी. दगड बसवल्यावर कडी तुटली म्हणून तिथंच ज्योत लावणारे बरेच. जेड तडकतं किंवा पांढुरकं पडतं, आणि रेझिन भरलेलं असेल (प्रश्न १५) तर करपतं.

१४. बिदरीकाम येतं. तशी चांदीची तार जेडमध्ये ठोकून बसवता येईल का?

ठोकून नाही. बिदरीत जस्त-तांब्याचा मिश्रधातू असतो, खाच तार धरून ठेवते. जेडवर ठोका बसला तर धार तुटते. पण तुमचा रेघेवरचा हात इथं सोन्यासारखा उपयोगी आहे. मुघल कारागिरांनी जेडवर कोंदण वापरलं ते याचसाठी: खाच कोरायची, त्यात लाख, त्यावर खडा, आणि कडेनं २४ कॅरट सोन्याच्या पातळ पट्ट्या हातहत्यारानं दाबत जायचं. इतकं शुद्ध सोनं थंडच स्वतःला चिकटतं, ज्योत लागत नाही. २२ कॅरट चिकटत नाही.

हे काम डोळ्यांनी पाहायचं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय गाठा. तिथल्या जेडच्या दालनात जहांगीरच्या नावे सांगितला जाणारा खंजीर आणि नूरजहाँच्या नावे सांगितली जाणारी फळं कापायची सुरी आहे. शहाजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या जेडचा प्याला मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याचं बूड कमळाचं आणि मूठ बकऱ्याच्या शिंगाळ डोक्याची. फोटो मोठा करून ती मान कशी वळत गेली आहे ते पाहा.

१५. लॅबच्या रिपोर्टवर ‘बी’ लिहून आलं. म्हणजे दुसऱ्या प्रतीचं का?

प्रतीचा संबंध नाही, प्रक्रियेचा आहे. जेडाइटमध्ये ‘ए’ म्हणजे फार तर मेण लावलेलं, ‘बी’ म्हणजे तेजाबानं धुऊन रेझिन भरलेलं, ‘सी’ म्हणजे रंगवलेलं. ‘ए’ दगड दिसायला सुमार असू शकतो आणि ‘बी’ देखणा. विकता येतं, पण बिलावर लिहून आणि त्या भावानं. काही वर्षांनी रेझिन पिवळं पडतं, आणि गिऱ्हाईक परत येतं ते तुमच्याकडेच.

१६. भाव कसा लावायचा?

समजा ६०० रुपयांच्या पाटीतून चार लोलक निघतात. एक फुटणार असं धरूनच चालायचं, म्हणून भागिले तीन: २०० रुपये. नऊ तासांचं काम, तासाला १२० रुपये: १०८०. बर, कागद, वीज: १३०. झाले १४१०. त्यावर चांदी त्या दिवशीच्या भावानं, घटीसह, आणि मग नफा. नफा आणि मजुरी एकच समजणं ही सगळ्यात मोठी चूक. मजुरी तर तुम्ही दुसऱ्या कारागिरालाही दिली असती. वजनावर भाव लावू नका, कोरीवकामात दगड जितका काढून टाकाल तितकी मेहनत वाढते.

१७. हॉलमार्क आणि जीएसटी?

सोन्याचं हॉलमार्किंग जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. दोन ग्रॅमच्या आतले दागिने, कुंदन-जडाव आणि ४० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेले दुकानदार यांना सूट आहे. चांदीचं ऐच्छिक आहे. दागिन्यांवर जीएसटी ३ टक्के. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विकायचं ठरलं की नोंदणीचे नियम बदलतात, तेव्हा पहिली ऑर्डर घेण्याआधीच सीएला विचारा.

१८. पीएम विश्वकर्मा योजनेत बसतो का?

रत्नकोरणी असा वेगळा व्यवसाय यादीतल्या १८ मध्ये नाही. सोनार आहे आणि मूर्तिकार-पाथरवट आहे. तुम्ही प्रत्यक्ष जे करता त्यात अर्ज करा. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते वेळेत फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच. सरकारी नोकरदाराच्या घरात मिळत नाही. अर्ज सीएससी केंद्रावर.

१९. इथं घेणार कोण?

जेडचं गिऱ्हाईक गावात थोडं. ते पुणे-मुंबईत आणि ऑनलाइन. इथं अकीक चालतो: खुलताबादच्या उरुसात अंगठ्या आणि तसबीचे मणी, नांदेडला हजूरसाहिबला येणाऱ्यांसाठी लहान लोलक, वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांसाठी पानं, हत्ती, कमळ. रोजचं घर अकीकावर चालवा, जेडचे महिन्याला दोनच नग करा पण चांगले.

२०. गिऱ्हाईक म्हणतं, “दादा, पाचू परवडत नाही, बुधासाठी जेड चालेल का?”

तुम्ही दगडाचं सांगा: नाव, प्रक्रिया, वजन. ग्रहाचं ज्योतिषाला विचारू द्या. बिलावर ‘पाचूचं उपरत्न’ लिहू नका, ‘नेफ्राइट जेड’ लिहा.

२१. जेडची बांगडी करून द्या म्हणतात. आणि तुटली तर जोडता येते का?

बांगडी हे नवख्याचं काम नाही. दोन-आठ मापाचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, आठ मिलिमीटर जाडी धरली तर बाहेरून ७९.५. म्हणजे ८५ मिलिमीटरची, एकही भेग नसलेली पाटी हवी. मधली चकती फेकू नका, त्यात दोन-तीन लोलक निघतात. माप काचेच्या बांगडीनं घ्या, धातूच्या नाही. धातूची चढताना वाकते आणि एक माप लहान सांगते.

तुटली तर नुसतं अराल्डाइट टिकत नाही. दोन्ही टोकं दोन मिलिमीटर घासून सपाट करायची, सोन्या-चांदीच्या दोन नळ्या आधी पूर्ण घडवून टोकांवर चढवायच्या, एकीकडे बिजागरी आणि एकीकडे खिटी. तीनपेक्षा जास्त तुकडे झाले असतील तर बांगडी होत नाही. तेच तुकडे कडीत ओवून माळ करून द्या.